नाण्यांवरचा हिरवा थर

टक्कन आवाज झाला आणि डिशवॉशरचं दार आपोआप बोटभर उघडलं.

एरवी त्या आवाजाकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण रविवारी दुपारी एक ते तीन इमारतीत रूहेत्साइट, म्हणजे आवाज न करण्याची वेळ, असते. त्या दोन तासांत वरच्या मजल्यावरचा म्हातारा खोकतोसुद्धा उशीत तोंड लपवून. त्या शांततेत ऊर्मिला एवढी दचकली, की चिमट्यातलं नाणं सुटून टेबलावरच्या फडक्यावर पडलं. तिने आतल्या खोलीकडे कान दिला. सुमित घोरत होता आणि त्याच्या काखेत डोकं घालून सहा वर्षांची इरा झोपली होती. म्हणजे अजून अर्धा तास तिचा होता.

तिने नाणं पुन्हा उचललं आणि टेबललॅम्प पार टेबलाच्या पातळीला आणून आडवा धरला. तांब्याचं झिजलेलं नाणं ओळखायचं तर त्यावर वरून उजेड पाडायचा नाही, बाजूने पाडायचा, हे ती पुण्यात शिकली होती. तिथल्या एका ट्रस्टमध्ये लग्नाआधी दोन वर्षं तिने नुसत्या शिवराया निवडल्या होत्या. पोत्याने आलेल्या, घासून घासून गुळगुळीत झालेल्या. कुणावर अर्धा ‘श्री’, कुणावर ‘पति’तली नुसती वेलांटी. तेवढ्यावरून टाकसाळ ओळखायची. जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आल्यावर तिला वाटलं होतं, आता हे सगळं गेलं. पण तांबं इथून तिथून सारखंच झिजतं. लिपी बदलली, राजे बदलले, इतकंच.

हे एकसष्टावं नाणं तेरा दिवस तिच्याशी बोलायला तयार नव्हतं; छपाईसाठी काकांना दिलेल्या यादीत तिने नुसत्या अंदाजाने ‘बसलेला सिंह?’ असं लिहिलं होतं. आज आडव्या उजेडात त्याच्या हिरव्या पाठीवर आधी एक शेपटी उठली, मग पंजा, मग बसलेला सिंह. खाली एक आकडा आणि एका अक्षराची कमान. कुरफाल्झ संस्थानाचा पाव क्रॉयझर, म्हणजे इथली दमडी. अडीचशे वर्षांपूर्वी इथल्याच कुणा बाईच्या पदराला, म्हणजे एप्रनला, बांधलेला असेल आणि बीट उपटताना गळून पडला असेल. ऊर्मिलाला एकटीलाच हसू आलं. तिने वजन केलं, व्यास मोजला, दोन्ही बाजूंचे फोटो काढून टॅबवर चढवले आणि वहीत लिहिलं. मग ही बातमी दत्ताकाकांना कळवायला फोन उचलला.

दत्तात्रय उपासनी म्हणजे इथल्या मराठी मंडळाचं जुनं खोड. ब्योब्लिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि लुडविग्सहाफेनजवळच्या एका द्राक्षांच्या गावात घर घेऊन राहिले. हाताला काम हवं म्हणून त्यांनी मेटल डिटेक्टर घेतला, रीतसर सरकारी परवानगी काढली आणि नांगरलेली शेतं धुंडाळायला लागले. नळाच्या तोट्या, बंदुकीच्या गोळ्या आणि मधूनच एखादं नाणं. नाणं ओळखायची अक्कल मात्र डिटेक्टरबरोबर येत नाही. मग दर सोमवारी ते पोळ्यांच्या डब्यात नाणी घालून ऊर्मिलाकडे यायचे आणि म्हणायचे, “ही घे भाजी. मी खणतो, तू निवड.”

तीन वर्षं तिने निवडली. इरा किंडरगार्टनला गेली की, इरा झोपली की, वरणाला फोडणी बसेपर्यंत. काकांच्या गावच्या म्युझियममध्ये नाण्यांचे चार ड्रॉवर वर्षानुवर्षं विनानोंद पडले होते आणि आठवड्यातून दोन सकाळी ते काम करायला त्यांना माणूस हवं होतं. काका म्हणाले होते, “आपली एकसष्ट नाणी आधी तिथे मांडू, त्यात तुझं नाव येऊ दे. मग ती खुर्ची तुझीच. मी शब्द टाकतो.” त्या दोन सकाळींसाठी ती जगत होती म्हटलं तरी चालेल. सुमितची बायको आणि इराची आई यापलीकडे या देशात तिची कुठे नोंदच नव्हती.

फोनवर मनोरमाकाकूंचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, मेसेज आधीच येऊन पडला होता. प्रदर्शनाची पुस्तिका छापून आली होती, आणि काकूंनी हौसेने तिच्या पानांचे फोटो पाठवले होते. ‘बघ गं, किती छान झालीय.’

ऊर्मिलाने पहिलं पान मोठं करून वाचलं. शोध, ओळख आणि वर्गीकरण: दत्तात्रय उपासनी. पुढची पानंच्या पानं तिची होती. तिची वजनं, तिची मापं, शंका असेल तिथे तिने घातलेली प्रश्नचिन्हंसुद्धा. शेवटच्या पानावर तळाला, छपाईवाल्याच्या वर, एक ओळ होती. फोटो आणि साफसफाईबद्दल फ्राऊ ऊर्मिला यांचे आभार.

आडनावही नव्हतं. आणि साफसफाई. तीन वर्षांत तिने त्या नाण्यांवर पाण्याचा थेंब पडू दिला नव्हता.

तिने बाल्कनीत जाऊन, दार लावून घेऊन फोन लावला.

“वाचलंस का?” काका खुशीत होते. “छपाई बघ कशी आहे. याला म्हणतात जर्मन काम.”

“काका, वर्गीकरण तुमच्या नावाने छापलंय.”

“आल्झो, त्याचं असं आहे ऊर्मिला, परवानगी कुणाच्या नावाची? माझ्या. मग कागदावर दुसरं नाव कसं घालणार?”

“आणि म्युझियमचं काम?”

“ते मीच घेतलं. मानद. अगं, तिथे रिपोर्ट लिहावे लागतात, तुझं जर्मन अजून बी-वन पातळीला लंगडतंय. आणि पोरगी लहान आहे तुझी. उद्या तिला ताप आला की तू बसणार घरी, आणि माझी पंचाईत. तुझ्याच भल्याचा विचार केला मी.”

“साफसफाई म्हणजे काय काका?”

“म्हणजे काहीतरी लिहायला नको का? रिकामं कसं सोडायचं तुला?” ते हसले. “बरं, शनिवारी उद्घाटनाला ये हं. ढोकळा करून आण. गाववाल्यांना आवडतो.”

“बरं काका,” ऊर्मिला म्हणाली.

सुमित उठून स्वयंपाकघरात आला तेव्हा ती कांदा चिरत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, “जाऊ दे ना. म्हातारा माणूस आहे. शेवटी आपलेच लोक.”

“आपले आहेत म्हणून तर,” ती म्हणाली. परक्याने केलं असतं तर तिने पत्र लिहिलं असतं, तक्रार केली असती. आपल्या माणसाविरुद्ध अर्ज करायला कुठली खिडकी नसते. त्याचा हिशेब घरातल्या घरातच चुकता करावा लागतो.

सोमवारी काका येऊन शेवटचं नाणं घेऊन गेले. सोमवार, मंगळवार, बुधवार तिच्या पोटात निखारा होता. इराला आंघोळ घालताना, तिच्या कानामागचा साबण बोटाने निपटताना तो विझल्यासारखा वाटे आणि पोर झोपली की पुन्हा फुले. तिने मनातल्या मनात काकांना भर सभेत उभं केलं, नाणी उलटीसुलटी दाखवून प्रश्न विचारले, घाम फोडला. पण सभेत बोलायला लागणारं जर्मन तिच्याकडे नव्हतं, हे काकांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी मनोरमाकाकूंचा फोन आला. इरा समोर जमिनीवर बसून चित्र रंगवत होती, म्हणून ऊर्मिलाने स्पीकर लावून पोळ्या लाटणं चालू ठेवलं.

“अगं ऊर्मिला, एक विचारायचं होतं. हे म्हणतायत, ती नाणी जरा चकचकीत करून दे. शनिवारी पुरातत्त्व कार्यालयाकडून कुणी डॉक्टर बाई येणार आहे ना तपासायला. अशी काळी-हिरवी ढेकळं काय दाखवायची लोकांना? माझी पितांबरी संपलीय. ताम्हण-पळी आपण चिंचेने घासतो, तसं चालेल ना गं यांना? म्हटलं, तुला विचारून करावं.”

ऊर्मिलाचं लाटणं थांबलं.

शेतातल्या तांब्याच्या नाण्यावर अक्षरं तांब्यात उरलेली नसतात. खत, ओल आणि दोनशे-तीनशे हिवाळे ते तांबं आतून खाऊन टाकतात. उरतो तो वरचा हिरवा थर, नखाएवढ्या जाडीचासुद्धा नसतो, आणि सिंह, मुकुट, साल, जे काही असतं ते त्या थरात असतं. आंबट लागलं की तो सुटतो. खाली निघतं ते तांबं, गुलाबी, खड्डेखड्डे पडलेलं, आणि पूर्ण मुकं. पुण्यात पहिल्याच दिवशी त्यांना हे सांगितलं होतं, कारण घरोघरी लोक जुन्या शिवराया देवाच्या उपकरण्यांबरोबर चिंचेने घासून वाटोळं करून ठेवतात. सगळे प्रेमाने करतात. काका तीन वर्षं तिच्यासमोर बसले, पण हे त्यांनी कधी विचारलं नाही. नाव काय, साल कुठलं, एवढंच त्यांना हवं असायचं.

“काकू,” ती म्हणाली. पुढे ‘नको’ म्हणायचं होतं. तो शब्द तिच्या ओठावर आला होता, हे तिला नंतरही आठवत राहिलं.

तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, “अगं विचारतेस काय एवढं? विचार, विचार. साफसफाईवाली तीच आहे आपली.” आणि हसणं.

“चालेल काकू,” ऊर्मिला म्हणाली. “चिंच आणि मीठ. चिंच जरा कोमट पाण्यात भिजवा. नाणी त्यात दहा मिनिटं ठेवा, मग चोळा. कडेने नीट चोळा, कडेला मळ जास्त असतो.”

“दहा मिनिटं. बरं. किती गुणाची आहेस.”

फोन बंद झाला. तव्यावरची पोळी करपली होती. इराने मान वर करून आईकडे पाहिलं आणि पुन्हा रंगवायला लागली.

शुक्रवारी निखारा विझला होता. ऊर्मिलाने ढोकळा केला, आणि गेल्या कित्येक महिन्यांत फुगला नव्हता असा तो फुगला.

शनिवारी सुमितची फॅक्टरीत पाळी होती, म्हणून ती आणि इरा दोघीच एस-बानने, म्हणजे लोकलने, गेल्या. म्युझियम म्हणजे गावची जुनी शाळा. दोन खोल्यांत जुने नांगर, द्राक्षं पिळायचं यंत्र, आणि तिसऱ्या खोलीत, नव्या काचेखाली, काळ्या मखमलीवर एकसष्ट नाणी. ऊर्मिला दारातच थांबली. काय दिसणार हे तिला माहीत होतं. खरचटलेल्या गुडघ्यावर नवी कातडी येते तशी नाणी गुलाबी दिसत होती. सगळी एकसारखी. तिने सिंह शोधला, आणि एकसष्टांतलं त्याचं कुठलं, हे तिलाही सांगता येईना.

गाववाले मात्र खूश होते. एक आजी काचेवर बोट ठेवून म्हणाली, काय सुंदर चमकतायत. काका जाकीट घालून, हात मागे बांधून उभे होते. “गेनाऊ, अगदी बरोबर,” ते प्रत्येकाला म्हणत होते, “सगळी मीच ओळखली. संयम लागतो.” ऊर्मिला दिसताच त्यांनी ढोकळ्याचा डबा तिच्या हातातून घेतला आणि टेबलाकडे बोट दाखवलं. “चाकू तिथे आहे बघ. चौकोन लहान पाड.”

तिने लहान चौकोन पाडले.

साडेतीनला कार्यालयाची बाई आली. डॉक्टर ब्रेंडेल, पस्तिशीची, पाठीला सॅक आणि बुटांना चिखल. काकांचं भाषण चालू असतानाच ती काचेवर वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिने चष्मा काढला. भाषण संपायची वाट न बघता ती म्हणाली, “ही कुणी धुतली?”

काका थांबले. “साफ केलीत,” ते म्हणाले. “प्रदर्शनासाठी.”

“साफ नाही केलीत. सोललीत.” तिने पुस्तिका उघडून एका नाण्याचा क्रमांक काढला आणि काचेखालच्या गुलाबी चकतीवर भिंग धरलं. “इथे लिहिलंय, बसलेला सिंह. कुठे आहे सिंह? दाखवा मला.”

काकांनी काच उघडली, नाणं हातात घेतलं, खिडकीकडे नेलं, फिरवलं. वरून उजेड पाडून पाहिलं. आडव्या उजेडात धरायचं त्यांना सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी आता तिथे काही नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. ऊर्मिलाने तो पाहिला. चांगला, डोळे भरून पाहिला. तीन वर्षांच्या सोमवारांना पुरेल एवढा.

“सिंह होता,” काका म्हणाले.

“कशावरून? शेपूट कुठल्या बाजूला होती? डावीकडे की उजवीकडे?”

काकांना ते ठाऊक नव्हतं. डॉक्टर ब्रेंडेलने पुस्तिकेचं शेवटचं पान उलटलं, ओळीवर बोट ठेवलं आणि वर पाहिलं. “फ्राऊ ऊर्मिला कोण? साफसफाई तुम्ही केलीत?”

सगळ्या माना वळल्या. काकांचीही. त्यांनी फक्त पाहिलं, आणि त्या पाहण्यात ऊर्मिलाला स्पष्ट दिसलं, की हा माणूस आताही गप्प बसणार आहे. तिच्या मनात किंचित काही हळहळ उरली असेल, तर ती तिथे संपली.

“नाही,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “मी या नाण्यांना कधीही पाणी लावलेलं नाही.” वाक्य एकदम बरोबर आलं, कुठेही न लंगडता.

“मी धुतली,” कोपऱ्यातून मनोरमाकाकू म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून मराठीत, “अहो, तुम्हीच म्हणालात ना, चकचकीत कर?”

“तुला काय कळतं त्यातलं?” काका फाडकन बोलले. “नको तिथे हात घालायची सवय जात नाही तुझी.”

काकूंनी हात पदराखाली नेले, पण त्याआधी ऊर्मिलाला त्यांची बोटं दिसली. एकसष्ट नाण्यांच्या दोन्ही बाजू आणि कडा; चिंच-मिठाने टोकं फुटून लाल झाली होती. ऊर्मिलाने पटकन ढोकळ्याच्या ताटाकडे नजर वळवली.

डॉक्टर ब्रेंडेलचा आवाज आता मऊ झाला होता. “धुण्याआधीचे फोटो असतील तर अजून काही करता येईल. पुस्तिकेत नुसता ढिगाचा एक फोटो आहे, आणि छापलेली वजनं आता जुळणार नाहीत. त्यावरून मी नोंद करू शकते, आणि ज्याने हे काम केलंय त्याच्या नावानेच करीन, कारण हे काम कुणीतरी फार चांगलं केलंय. नाहीतर मला लिहावं लागेल, एकसष्ट तांब्याच्या चकत्या, अवाच्य.” ती ऊर्मिलाकडे पाहत होती. “फोटो तुम्ही काढलेत ना?”

काका एक पाऊल पुढे आले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला होता. “ऊर्मिला, अगं, आहेत ना गं तुझ्याकडे? बाळा, सांग ना त्यांना.”

टॅब तिच्या पिशवीत होता. इराला गाडीत कार्टून बघायला म्हणून आणलेला. एकसष्ट नाणी, एकशे बावीस फोटो, प्रत्येकाखाली वजन. पिशवीचा पट्टा तिच्या खांद्याला ओढ देत होता. बोट घालून चेन सरकवली असती तर तिथल्या तिथे तिचं नाव त्या देशाच्या कागदावर चढलं असतं. आणि काका वाचले असते. म्हणाले असते, बघा, मी सांगितलं नव्हतं का, सिंह होता. संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा त्यांचं झालं असतं.

“फोन बिघडला,” ती म्हणाली. “सगळे गेले.”

डॉक्टर ब्रेंडेलने मान हलवली आणि फॉर्मवर एक शब्द लिहिला. काका खुर्चीत बसले. एवढा मोठा माणूस खुर्चीत बसल्यावर केवढा लहान दिसतो, हे बघत ऊर्मिलाने इराला जॅकेट चढवलं, रिकामा डबा उचलला आणि दारात जाऊन काकूंना म्हणाली, “येते काकू.” काकूंनी सवयीने मान हलवली. “सावकाश जा गं,” त्या म्हणाल्या.

एस-बान जवळजवळ रिकामी होती. बाहेर नांगरलेली शेतं मागे पळत होती. ऊर्मिला खिडकीशी बसली, आणि आपल्याला किती हलकं वाटतंय ते तपासून पाहू लागली. वाटत होतं. काकांचा घाम आठवला की अजून वाटत होतं.

“फोटो टॅबवर आहेत,” इरा जर्मनमध्ये म्हणाली. तिला मराठी सगळं कळे, पण ती उत्तरं जर्मनमध्येच देई. “मी सकाळी पाहिले. सिंह पण आहे.”

“हो.”

“मग तू नाहीत असं का म्हणालीस?”

ऊर्मिलाने तिची टोपी नीट केली. खोटं एकदा बोलून झालं होतं, पोरीशी पुन्हा नको होतं. “कारण आई दत्ताआजोबांवर रागावली होती. त्यांनी आईचं काम घेतलं आणि स्वतःचं नाव लावलं.”

इराने विचार केला. तिच्या किंडरगार्टनमध्ये असं झालेलं होतं, कुणीतरी कुणाच्या चित्रावर आपलं नाव लिहिलेलं, त्यामुळे हे तिला पटलं. “मनोरमाआजीवर पण रागावलीस?”

“नाही गं. आजीवर नाही.”

“त्या चष्मेवाल्या बाईवर?”

“नाही.”

गाडी एका स्टेशनवर थांबली, कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही, दारं मिटली. इरा आईच्या कुशीत शिरली आणि तिचं बोट धरून बसली. ऊर्मिलाला वाटलं, झोपली. मग इराने मान वर केली आणि या वेळी मराठीत, एकेक शब्द शोधून जुळवत विचारलं,

“आणि आई, नाण्यांनी काय केलं होतं?”